नोकरी सोडून प्लास्टरची कामं घेतोय: प्रोप्रायटर, भागीदारी की कंपनी?

ओळंबा | ६ डिसेंबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

डिप्लोमा सिव्हिल. अकरा वर्षं चाकण-मोशी पट्ट्यात साईट इंजिनीअर. ऑक्टोबरअखेर राजीनामा दिला. ओळखीच्या एका बिल्डरकडे दोन विंगांचं आतलं-बाहेरचं प्लास्टर मटेरियलसकट मिळतंय, आणि दुसऱ्या एका ठिकाणी फक्त लेबर रेटवर काम आहे. सगळं धरून वर्षाला ८० लाखांच्या आसपास बिलं होतील. माणसं जमवली आहेत: सात गवंडी, नऊ बिगारी.

काम येतं हो. कागद येत नाहीत. बिल्डरच्या अकाउंटंटने पहिल्याच दिवशी विचारलं, "जीएसटी नंबर, पॅन, कॅन्सल चेक. फर्म कसली आहे?" मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या उद्याला आता दहा दिवस झाले.

सासरे म्हणतात प्रायव्हेट लिमिटेड काढा, समोरच्यावर वजन पडतं. घराजवळच्या एका टॅक्सवाल्याने एलएलपीचं (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं) 'पॅकेज' सांगितलं. मेहुणा पाच लाख घालायला तयार आहे, पण त्याला निम्मी भागीदारी हवी. साईटवरचा मित्र म्हणतो काहीच काढू नकोस, सेव्हिंग खात्यात घे आणि गप बस. टॅक्स नक्की कशावर लागतो तेही धड माहीत नाही. पगारातून परस्पर कापला जायचा, मी फॉर्म १६ फक्त होम लोनसाठी बघितलाय.

---

मुकादम काका | ६ डिसेंबर, रात्री ११:०५

प्रोप्रायटर. धागा संपला. झोप आता.

(मेहुण्याबद्दल उद्या लिहितो. ती गोष्ट मोठी आहे.)

---

ताळेबंद | ७ डिसेंबर, सकाळी ८:३०

काकांचं उत्तर बरोबर आहे, पण कारण कळलं पाहिजे.

प्रोप्रायटरशिप 'काढावी' लागत नाही. तुम्ही बिल फाडलंत की झालात प्रोप्रायटर. तुमचा पॅन तोच धंद्याचा पॅन, आणि धंद्याचा नफा तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून तुमच्याच स्लॅबने कर. भागीदारी, एलएलपी आणि कंपनी यांना मात्र स्वतंत्र पॅन असतो, म्हणजे कर भरणारा आणखी एक माणूस घरात येतो. त्या माणसाला बेसिक सूट नाही. भागीदारी आणि एलएलपीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. कंपनीने २२ टक्क्यांचा पर्याय घेतला तरी सरचार्ज-सेस धरून २५.१६८.

आता तुमचेच ८० लाख घेऊ. बांधकामाचं कंत्राट हा धंदा आहे, त्यामुळे कलम ४४एडी मिळतं. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. हिशोबाची वह्यापुस्तकं आणि ऑडिट नाही. मर्यादा २ कोटी, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. सगळं बँकेतून आलं तर ८० लाखांचे ६ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार.

तुम्ही प्रोप्रायटर असाल तर यावर कर शून्य. हेच तुम्ही आणि मेहुणा भागीदारीत दाखवलंत तर फर्मला १,४९,७६० रुपये. काम तेच, प्लास्टर तेच. शिवाय ४४एडी घेतलेल्या फर्मला भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज त्यातून वेगळं वजा करता येत नाही. एलएलपी आणि कंपनीला तर ४४एडी मिळतच नाही. 'पॅकेज' विकणाऱ्याने हे सांगितलं का, विचारा.

---

कोडवाला कोथरूड | ७ डिसेंबर, सकाळी ९:१२

६ टक्के?? मी आयटीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, मला ५० टक्के नफा धरावा लागतो. हा काय अन्याय. ओळंबा तर इंजिनीअर आहेत, त्यांनाही ५०च लागेल ना?

---

ताळेबंद | ७ डिसेंबर, सकाळी ९:४०

तुमचं ४४एडीए, ते व्यावसायिकांचं: वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंजिनीअर, आयटी वगैरे. मर्यादा ५० लाख, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५. अन्याय म्हणाल तर तुमचा खर्च एक लॅपटॉप आणि कॉफी. यांचे ८० लाख सिमेंट, क्रश सँड आणि मजुरीत जातात.

पदवी कुठली आहे यावर कलम ठरत नाही, पैसे कशाचे घेता यावर ठरतं. ओळंबांनी उद्या कुणाला एस्टिमेट करून दिलं किंवा देखरेखीची फी घेतली तर तेवढी रक्कम ४४एडीए खाली जाईल. प्लास्टरचं बिल ४४एडीतच.

---

मुकादम काका | ७ डिसेंबर, दुपारी १:१५

हां, मेहुण्याची गोष्ट.

माझा मेहुणा नव्हता, चुलतभाऊ होता. २००९ साल. पाचशेच्या स्टँपवर भागीदारी लिहिली, निम्मे-निम्मे, आणि कागद कपाटात ठेवला. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवायला हवा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. एका सोसायटीच्या कामाचे साडेचार लाख अडकले. वकिलाकडे गेलो. त्याने कागद पाहिला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाला, "फर्म नोंदणीकृत नाही, दावा लावता येणार नाही." साडेचार लाख गेले. पण वाळूवाल्याचे आम्ही देणं लागत होतो, तो मात्र दावा लावू शकत होता. आणि त्याने एकट्या माझ्यावर लावला असता तरी चाललं असतं, कारण भागीदारीत प्रत्येक जण सगळ्या देण्याला बांधलेला. भाऊ तोवर गावाकडे डाळिंब लावायला गेला होता.

लेका, पैसे घालणारा आणि उन्हात उभा राहणारा यांचा निम्मा-निम्मा हिशोब पहिल्या बिलापर्यंत गोड असतो.

---

हिशोबवाली | ७ डिसेंबर, दुपारी ३:५०

ओळंबादादा, मी नाशिकची. यांचं वॉटरप्रूफिंगचं काम, हिशोब माझ्याकडे. बी.ए. मराठी आहे, सीए नाही, पण नऊ वर्षांत जे पोळलं ते सांगते.

सगळे आयकराचं बोलतायत. आयकर वर्षातून एकदा येतो. तुम्हाला रडवणार आहे तो जीएसटी.

आमचं पहिलं मोठं बिल सहा लाखांचं. १८ टक्क्यांनी त्यावर १ लाख ८ हजार जीएसटी. यांनी काम संपल्या दिवशी उत्साहात टॅक्स इन्व्हॉइस पाठवून दिलं. पार्टीने पैसे दिले सात महिन्यांनी. सरकारला मात्र पुढच्याच महिन्यात भरायचे होते. माझी बांगडी गेली बँकेत. सोडवून आणली, पण त्या महिन्यात मला कळलं की बिलावर लिहिलेला जीएसटी आला नाही तरी द्यावा लागतो.

तेव्हापासून आमची पद्धत: आधी मेजरमेंट शीट आणि प्रोफॉर्मा (कच्चं बिल) जातं. त्यांचा इंजिनीअर मापं तपासून सही करतो, काय कापायचं ते कापतो. मगच टॅक्स इन्व्हॉइस. त्यामुळे कापाकापीनंतर क्रेडिट नोट काढत बसायलाही लागत नाही. दुसरं, जीएसटीचं वेगळं सेव्हिंग खातं आहे. पैसे आले की त्यातले अठरा टक्के त्याच संध्याकाळी तिकडे. यांना त्या खात्याचं एटीएम कार्ड दिलेलं नाही. हसू नका.

आणि खर्चाचं बिल घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. सिमेंटवर, केमिकलवर भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा होतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात, पण दुकानदाराने त्याचं रिटर्न भरलं तर. पोर्टलवर २बी म्हणून तक्ता येतो, त्यात दिसलं तरच. एका हार्डवेअरवाल्याने वर्षभर आम्हाला छापील बिलं दिली, २बीत एकही नाही. विचारलं तर म्हणाला, "ताई, बिल दिलं ना?"

---

ओळंबा | ७ डिसेंबर, रात्री ९:२०

ताई, बांगडीचं वाचून बायकोने फोन हातातून काढून घेतला आणि सगळा धागा वाचला. आता हिशोब तीच बघणार म्हणते.

शंका अशा. माझी उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही असं ऐकलंय. मग सुरुवातीला नको ना? मटेरियलसकट कामाला वस्तूंची ४० लाखांची मर्यादा मिळते का? लेबर रेटच्या कामाला जीएसटी नसतो म्हणतात, ते खरं का? आणि दुसरा बिल्डर म्हणतोय, "विदाऊट जीएसटी बिल द्या, आम्हाला क्रेडिट मिळत नाही."

---

ताळेबंद | ८ डिसेंबर, सकाळी ७:५५

मटेरियलसकट प्लास्टर म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, कायद्याने ती सेवा. त्यामुळे मर्यादा २० लाखच. तुमची वर्षाची कामंच ८० लाखांची आहेत, दोन-तीन महिन्यांत ओलांडाल. आत्ताच घ्या. नाहीतर सुरुवातीच्या सिमेंटवरचं क्रेडिट बुडेल.

लेबर रेटला सूट आहे ती स्वतंत्र घरासाठी. कुणी आपला बंगला बांधतोय, सामान त्याचं, मजुरी तुमची, तर कर नाही. बिल्डरच्या स्कीममध्ये मजुरीलाही १८ टक्के.

बिल्डर क्रेडिटचं म्हणतो ते खरं आहे. १ एप्रिल २०१९ पासून निवासी स्कीमना १ किंवा ५ टक्के दर आहे आणि त्यात क्रेडिट नाही. म्हणजे तुमचे १८ टक्के त्याला खर्चच पडतात. पण त्याच योजनेत दुसरी अट आहे: त्याची ८० टक्के खरेदी नोंदणीकृत लोकांकडून हवी, कमी पडली तर फरकावर तो स्वतः १८ टक्के भरतो. म्हणून पहिल्या बिल्डरचा अकाउंटंट नंबर मागतोय. दुसऱ्याला रेट ठरवतानाच सांगा, 'जीएसटी वेगळा'. वर्क ऑर्डरवर हे दोन शब्द नसतील तर १८ टक्के तुमच्या रेटमधून गेले समजा. चौरस फुटाला चार रुपये सुटणाऱ्या कामात एवढी जागा असते का, तुम्हीच सांगा.

हिशोबवालीताईंची प्रोफॉर्माची पद्धत चांगली आहे, पण तिला कागदाचा आधार द्या. मापं प्रमाणित झाल्यावर अमुक दिवसांत पैसे, असं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. चालू राहणाऱ्या कामात इन्व्हॉइसची वेळ त्या तारखेशी जोडलेली असते. तारीख ठरलेली असताना 'पैसे आल्यावर बिल देऊ' हे कायद्यात बसत नाही.

रिटर्नचं सोपं आहे. ५ कोटींच्या आत तिमाही योजना घेता येते. रिटर्न तीन महिन्यांनी, पण कराचा भरणा दरमहा: तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, तिसऱ्याचा रिटर्नसोबत.

---

चौकोनी चंद्र | ८ डिसेंबर, सकाळी १०:३०

सरळ बायकोच्या नावावर धंदा दाखवा. तिला दुसरं उत्पन्न नाही, कर शून्य.

---

ताळेबंद | ८ डिसेंबर, सकाळी १०:४४

भांडवल नवऱ्याचं असेल तर उत्पन्न परत नवऱ्यातच मिळवतात. आणि नवऱ्याचाही कर शून्यच येतोय. कशाला?

---

मुकादम काका | ८ डिसेंबर, दुपारी १२:२०

सीए साहेब, ६ टक्के म्हणजे सगळ्यांनी ६ टक्केच दाखवायचे. आमच्यात सगळे तेच करतात. १५ सुटले तरी ६.

---

ताळेबंद | ८ डिसेंबर, दुपारी १:०२

काका, तुमच्याशी भांडायची ताकद नाही, पण आकडे मांडतो.

कलम म्हणतं, ६ टक्के किंवा प्रत्यक्षात जास्त सुटले असतील तर ते. ६ हा तळ आहे. आता ओळंबांना खरोखर ९ लाख सुटले असं धरा. चालू वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य. ४ लाख ८० हजार दाखवले तरी शून्य, ९ दाखवले तरी शून्य. मग लपवायचं कशासाठी? उलट दोन वर्षांनी मिक्सर आणि स्कॅफोल्डिंगसाठी बँकेत गेलात की मॅनेजर रिटर्नच मागणार. ४ लाख ८० हजारांच्या रिटर्नवर तो चहा पाजेल, कर्ज देणार नाही.

भागीदारीलाही न्याय देतो. पुस्तकं नीट ठेवून ९ लाख नफा काढला तर फर्म काम करणाऱ्या भागीदारांना त्यातले ७ लाख २० हजार पगार म्हणून देऊ शकते (पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के, पुढच्याच्या ६० टक्के). उरलेल्या १ लाख ८० हजारांवर कर ५६,१६० रुपये. पण भागीदाराने खरंच काम करायला हवं आणि पगार भागीदारीपत्रात लिहिलेला हवा. १ एप्रिल २०२५ पासून या पगारावर फर्मने १० टक्के टीडीएसही (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापायचाय.

टीडीएस हा आणखी एक फरक. बिल्डर तुमच्या बिलातून १९४सी खाली व्यक्ती असाल तर १ टक्का कापेल, फर्म किंवा कंपनी असाल तर २ टक्के. ८० लाखांवर ८० हजार की १ लाख ६० हजार. रिटर्न भरल्यावर परत मिळतात, पण वर्षभर अडकतात. कापताना जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापायला सांगा. आणि तुम्ही पुढे मुकादमाला तुकडा देता, त्याच्यातून तुम्ही टीडीएस कापायचा का? प्रोप्रायटरला मागच्या वर्षी उलाढाल १ कोटीवर गेली असेल तरच. फर्म आणि कंपनीला पहिल्या दिवसापासून: टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा नंबर), दर तिमाहीला रिटर्न, उशीर झाला की रोजचे २०० रुपये.

कंपनीबद्दल सासऱ्यांना एवढंच सांगा. एक रुपयाचं काम नसलं तरी ऑडिट सक्तीचं. वार्षिक फॉर्म उशिरा गेला की प्रत्येकी रोजचे १०० रुपये. खात्यातले पैसे कंपनीचे असतात, त्यातून घरचा किराणा भरता येत नाही. पगार घ्या, नाहीतर लाभांश घेऊन त्यावर पुन्हा कर भरा. उलाढाल दोन-अडीच कोटींवर गेली, मोठ्या कंपन्यांची कामं आली, बाहेरचा पैसा आला, तर जरूर काढा. फक्त तेव्हा पॅन बदलेल, म्हणजे जीएसटी नंबर आणि बिल्डरकडचा व्हेंडर कोड सगळं नव्याने.

---

मुकादम काका | ८ डिसेंबर, दुपारी १:३०

९ दाखवले तरी शून्य? हे मला माझ्या माणसाने सांगितलं नाही.

---

आर.ए. बिल | ८ डिसेंबर, रात्री ८:१०

सांगलीकडचा आहे, सरकारी कामं करतो. ओळंबा, तुमचा डिप्लोमा आहे म्हणून एक लक्षात ठेवा. सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी मिळते. छोट्या कामांत ठरावीक हिस्सा त्यांना, काही मजूर संस्थांना, उरलेला खुल्या ठेकेदारांना अशी वाटणी असते. ती नोंदणी तुमच्या व्यक्तिगत नावावर. कंपनी काढून बसलात तर तिचा उपयोग नाही.

पण त्या बिलात कात्री किती ते बघून या. आयकराचा टीडीएस १ टक्का, अडीच लाखांवरच्या कामाला जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार उपकर १ टक्का, वर अनामत. जीएसटीचे २ टक्के पोर्टलवर जाऊन स्वीकारावे लागतात, तेव्हा ते तुमच्या रोख खात्यात येतात. मी पहिलं वर्षभर स्वीकारलेच नव्हते, कुठे बटण आहे तेच माहीत नव्हतं. आणि पैसे कधी येतात ते विचारू नका. मार्च म्हणतात. कुठल्या वर्षीचा ते सांगत नाहीत.

---

ओळंबा | ८ डिसेंबर, रात्री १०:५०

मग मर्यादित जबाबदारीचं काय? सासऱ्यांचा मुद्दा तोच आहे. साईटवर कुणी पडलं, मेलं, तर प्रोप्रायटरच्या घरावर येतं. कंपनी असली तर घर वाचतं.

---

मुकादम काका | ८ डिसेंबर, रात्री ११:२५

ह्याचं उत्तर मी देतो.

२०१६. बाहेरचं प्लास्टर, तिसरा मजला. पालख बांधलेली, पण एक बांबू जुना होता. मला माहीत होतं तो जुना आहे. उद्या बदलू म्हणालो होतो. गवंड्याचा पाय घसरला, बांबू तुटला, खाली वाळूचा ढीग होता म्हणून माणूस वाचला. मांडीचं हाड आणि दोन बरगड्या. पावणेतीन लाख खर्च. त्या वर्षी मी पहिल्यांदाच डब्ल्यूसी पॉलिसी (कामगारांच्या अपघाताचा विमा) काढली होती, तीही बिल्डरने हट्ट धरला म्हणून. त्यातून औषधपाण्याचा काही भाग आणि त्याची भरपाई निघाली. नसती तर मी घर विकलं असतं, आणि विकायलाच हवं होतं.

कंपनी असली म्हणून त्याच्या बायकोसमोर काय सांगणार होतो, जबाबदारी मर्यादित आहे?

पॉलिसी काढ. हेल्मेट-बेल्ट घे. जुना बांबू त्याच दिवशी तोड. मग काय काढायचं ते काढ.

---

ताळेबंद | ९ डिसेंबर, सकाळी ८:०५

काकांच्या पुढे फक्त कायद्याचं. मर्यादित जबाबदारी छोट्या कंपनीत कागदावर असते. बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी घेते, मोठे पुरवठादारही घेतात.

तुमची सोळा माणसं आहेत, म्हणजे दहाची संख्या ओलांडलीत. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू. वीस झाली की पीएफ. कोड नसेल तर बिल्डर बिलातून कापून ठेवतो आणि ते पैसे परत मिळवणं कठीण. नोव्हेंबरमध्ये नवे लेबर कोड लागू झालेत, पण हे दोन आकडे तेच आहेत.

मेहुण्याचं असं करा. पाच लाख कर्ज म्हणून घ्या, चेकने किंवा ट्रान्सफरने. २० हजारांवर रोख कर्ज घेतलंत तर तेवढाच दंड. साधा कर्जकरार, व्याजदर आणि परतफेडीची तारीख. व्याज त्याच्या उत्पन्नात जाईल. त्याला साईटवर यायचं असेल तर कामाचे पैसे वेगळे द्या.

---

हिशोबवाली | ९ डिसेंबर, सकाळी ११:४०

दादा, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे, आधार-पॅनवर दहा मिनिटांत होते. नेटवर सरकारीसारख्या दिसणाऱ्या साईट दोन-तीन हजार मागतात, तिथे जाऊ नका. शॉप अ‍ॅक्टला वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना, तुम्हाला सोळा आहेत म्हणजे तेवढीच पुरेल. प्रोफेशन टॅक्स स्वतःचा वर्षाला २,५०० (पीटीईसी), विसरतात सगळे. करंट खात्याला उद्यम आणि शॉप अ‍ॅक्ट हे दोन कागद चालतात.

आणि कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी माणसं तुमच्याकडे नव्वद दिवसांचा दाखला मागायला येतील. हजेरीचं मस्टर खरं ठेवलंत तर देताना हात थरथरत नाही.

---

कोडवाला कोथरूड | ९ डिसेंबर, दुपारी १२:१५

उद्यम असलं की ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात ना? मग ताईंचे सात महिने कसे?

---

ताळेबंद | ९ डिसेंबर, दुपारी १२:५०

करार असेल तर ४५, नसेल तर १५ दिवस. सूक्ष्म-लघु उद्योगाला वेळेत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये काही अकाउंटंट आपणहून फोन करतात. तेवढा धाक आहे. व्याजासकट वसुलीसाठी जी परिषद आहे तिच्याकडे मात्र वर्क्स कॉन्ट्रॅक्टवाल्याने भरवसा ठेवू नये. असं काम त्या तरतुदीत बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. फक्त लेबरच्या बिलाला वाद घालायला जागा आहे.

ओळंबा, यंदाच्या वर्षात तुमचा सात महिन्यांचा पगार आणि पाच महिन्यांचा नफा एकत्र येईल. दोन्ही मिळून कर निघत असेल तर ४४एडीवाल्याला आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. आणि १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय. ४४एडी आता ५८ मध्ये, १९४सी ३९३ मध्ये. आम्हीसुद्धा अजून जुन्याच आकड्यांत बोलतो, गोंधळू नका. एकदा ४४एडी घेऊन मध्येच सोडलंत तर पाच वर्षं परत मिळत नाही, हेही वहीत लिहून ठेवा.

---

ओळंबा | २४ जानेवारी २०२६, रात्री ९:३५

मंडळी, धागा वर काढतोय.

प्रोप्रायटरच. जीएसटी नंबर आला. भाड्याच्या घराचा पत्ता घरमालक देईना, शेवटी सासऱ्यांच्या गाळ्याचं लाइट बिल आणि संमतीपत्र लावलं. कंपनी नाही म्हटल्यावर सासरे दोन दिवस गप्प होते. मग स्वतःच पाटी करून आणली, निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली 'प्रो.प्रा.' आणि माझं नाव. मेहुण्याशी कर्जकरार झाला, वर्षाला १० टक्के. तो थोडा रुसलाय, पण दर रविवारी साईटवर येऊन लेव्हल बघतो.

पॉलिसी काढली काका. बांबू नाहीत, लोखंडी स्कॅफोल्डिंग भाड्याने घेतलंय.

पहिलं आर.ए. बिल (चालू कामाचं टप्प्याचं बिल) गेलं: ७ लाख ४० हजार. इंजिनीअरने मापात ३८ हजार कापले, खिडक्यांच्या जॅमवरून वाद. मी प्रोफॉर्माच दिलं होतं, म्हणून टॅक्स इन्व्हॉइस ७ लाख २ हजारांवर काढलं. अकाउंटंटने टीडीएस जीएसटीसकट रकमेवर कापला होता, बायकोने फोन करून दुरुस्त करून घेतला. माझ्यापेक्षा तीच जास्त कडक आहे.

एक प्रश्न. स्कॅफोल्डिंगवाल्याने भाड्यावर १८ टक्के जीएसटी लावलाय, ९ हजार ३६०. हे मला क्रेडिट मिळेल ना? बिल छापील आहे, सही-शिक्का आहे.

---

हिशोबवाली | २४ जानेवारी, रात्री ९:४१

२बीत आलंय का?

---

ओळंबा | २४ जानेवारी, रात्री ९:५८

नाही.

---

मुकादम काका | २४ जानेवारी, रात्री १०:०२

पुढचं भाडं थांबव. उद्या सकाळी त्याचाच फोन येईल.